अकराची यादी

ऑगस्टचे दिवस होते. पाऊस जरा थांबला की शाळेच्या मैदानावर चिखल आणि गवत सारखंच दिसतं, आणि त्यातच आमच्या मुलांचा फुटबॉल चालतो. तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धेसाठी संघ पाठवायचा होता. क्रीडा शिक्षक रजेवर असल्याने काम माझ्याकडे आलं. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, फुटबॉल मला बघण्यापुरता कळतो. तरी दोन आठवडे रोज चार वाजता सराव घेतला, अकरा आणि राखीव पाच अशी नावं वहीच्या कागदावर लिहिली आणि फळ्याशेजारी चिकटवली.

मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा कागदासमोर बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, यात सगळी मोहल्ल्यातलीच पोरं आहेत. बंदरावरचा एकही नाही."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, "अरे, ते सरावाला येतच नाहीत." आणि मग गप्प झालो. मी दोन अटी घातल्या होत्या: चार वाजता हजेरी आणि पायात बूट. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली होती, होड्या पुन्हा समुद्रात जात होत्या. बंदरावरच्या मुलांना शाळा सुटली की जेट्टीवर जावं लागतं. टोपल्या उचलायच्या, बर्फ टाकायचा, जाळी आवरायची. भरती-ओहोटीप्रमाणे वेळ बदलते, त्यामुळे चारची हजेरी त्यांच्या हातात नसते. आणि बूट? ते तर नव्हतेच. मी कुणाचंही नाव कापलं नव्हतं. मी फक्त अशा दोन अटी घातल्या होत्या, की ती नावं आपोआप गळून पडावीत.

त्या रात्री मला मुंबईच्या मैदानावरच्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या याद्या आठवत राहिल्या. त्या क्रिकेटच्या होत्या, पण प्रश्न हाच होता. म्हणून हा लेख.

मुंबईत आपल्या लोकांमध्ये क्रिकेट आधी रुजवलं ते पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. पुढे हिंदूंचे क्लब निघाले, तेही बहुधा जातीजातीचे. मुसलमानांचा पहिला क्लब १८८३ मध्ये लुकमानी आणि तय्यबजी घराण्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. तय्यबजी हे नाव आपल्या किनाऱ्याला परकं नाही. याच गोतावळ्यातल्या नाझली बेगम जंजिऱ्याच्या नवाबाच्या बेगम होत्या, आणि तय्यबजींच्या नात्यात वाढलेल्या सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो अलिबागजवळच्या किहीमला. आज मरीन ड्राइव्हने जाताना समुद्रासमोर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने जवळजवळ उभे दिसतात. ते पाहिले की मुंबईचं क्रिकेट कसं वाटलेलं होतं ते वेगळं सांगावं लागत नाही. जिमखाना म्हणजे कौम, आणि कौम म्हणजे संघ.

पण कौमेची यादी झाली तरी कौमेच्या आत आणखी एक यादी असते. ती कागदावर नसते.

पालवणकर बाळू हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. चर्मकार समाजातला हा मुलगा. आधी पुण्यात पारशांच्या एका क्लबात मैदान झाडायचा, महिना तीन रुपयांवर. १८९२ च्या सुमारास तो इंग्रजांच्या पूना क्लबात गेला, तिथे पगार चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्याचा डावखुरा फिरकी चेंडू साहेबांनाही कळेना. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तर आपल्याला बाद केलं की बाळूला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पण बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. चेंडू टाकणं हे नोकराचं काम, बॅट धरणं हे साहेबाचं.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचं होतं, म्हणून बाळूला संघात घ्यावं लागलं. मैदानावर सगळे त्याच्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र तो तंबूच्या बाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. प्लेगच्या काळात तो मुंबईला आला, रेल्वेत नोकरीला लागला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. त्याचा भाऊ शिवरामही संघात आला.

मग आला फेब्रुवारी १९०६ चा सामना, हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. साहेबांना जिंकायला २१२ हव्या होत्या, आणि ते १०२ वर संपले. १०९ धावांचा विजय, आणि त्यात बाळूच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारक साप्ताहिकाने या विजयाबद्दल लिहिताना धावांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीला महत्त्व दिलं. हिंदू जिमखान्याने या भावांना संघात घेतलं आणि मुंबईतले खेळाडू त्यांच्यासोबत जेवायलाही बसले, ही त्याला खरी जीत वाटली. यादी उघडली तर सामना जिंकता येतो, हे मैदानाने दाखवून दिलं होतं.

आता आपल्याकडे वळू. मुसलमानांच्या संघाला खेळाडू कुठून मिळाले? मोठ्या प्रमाणात एका कॉलेजातून: अलीगढचं मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज. सर सय्यद यांनी उभारलेल्या या कॉलेजाची कोनशिला १८७७ मध्ये बसली आणि पुढच्याच वर्षी तिथे क्रिकेट क्लब निघाला. तो काढला गणिताचे प्राध्यापक पंडित रमाशंकर मिश्र यांनी. ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो. पुढे प्राचार्य थिओडोर बेक यांच्या काळात क्रिकेट हे या कॉलेजचं भूषणच झालं. खिलाफत चळवळीतले मौलाना शौकत अली विद्यार्थी असताना अलीगढच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला, त्यात सलामुद्दीन आणि शफकत हुसेन हे अलीगढचेच. त्याच दौऱ्यात बाळूने शंभरावर बळी घेतले. अलीगढचा विद्यार्थी आणि पुण्याचा मैदान झाडणारा एकाच जहाजाने गेले, एकाच संघात खेळले.

त्याच १९११ च्या जुलैत, २९ तारखेला, कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. समोर बूट घातलेले सैनिक, आणि इकडचे अकरापैकी दहा अनवाणी. एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते, आणि ते कॉलेजात शिकवणारे पाद्री. बाकीच्यांत कारकून होते, कॉलेजचे विद्यार्थीही होते. 'द मुसलमान' या कलकत्त्याच्या पत्राने लिहिलं की हिंदू बांधवांच्या या विजयाने मुस्लिम क्लबचे सदस्यही आनंदाने अक्षरशः जमिनीवर लोळले. दहा अनवाणी पाय. माझी बुटांची अट मला त्या रात्री इथेच टोचली.

१९१२ मध्ये मुंबईच्या स्पर्धेत मुसलमानांचा संघ चौथा म्हणून दाखल झाला आणि तिरंगीची चौरंगी झाली. आपल्या बुजुर्गांना केवढा अभिमान वाटला असेल! तो वाटायलाच हवा होता. तालमीत मागे पडलेली म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जायचं, ती कौम बरोबरीने मैदानात उतरली होती. १९२४ च्या हंगामात या संघाने हिंदू संघाला अंतिम सामन्यात हरवून पहिल्यांदा स्पर्धा जिंकली.

पण शिक्षक म्हणून मला दुसरा प्रश्न पडतो. आपल्या त्या यादीत आपला बाळू कुठे आहे? अलीगढ हे मुख्यतः शरीफ म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलांचं कॉलेज होतं. वसतिगृहाची फी, पोशाख, खेळाचं सामान परवडणाऱ्या घरांचं. आमच्या किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्या, विणकाम करणाऱ्या, खाटकाच्या घरच्या पोरापर्यंत ती यादी पोहोचलीच नाही. आपण बाळूच्या चहाची गोष्ट सांगताना "त्यांच्यात असं होतं" म्हणून मोकळे होतो. इस्लाममध्ये जात नाही, हे खरंच आहे. पण मुसलमानांत रिश्ता जुळवताना कुणी 'दालदी' शब्द कोणत्या सुरात उच्चारतो, ते आपल्या कोकणातल्या प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. मशिदीच्या सफीत खांद्याला खांदा लागतो. लग्नाच्या यादीत का लागत नाही?

हिंदू जिमखान्याला निदान हा प्रश्न टाळता आला नाही, कारण पालवणकर भावांनी तो टाळू दिला नाही. बाळू सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत मोठा गोलंदाज, पण कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. १९२० मध्ये त्याला संघातूनच वगळलं, आणि कप्तान ठरवतानाही पालवणकरांना मागे ठेवलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. वृत्तपत्रांत वाद झाला, आणि अंतिम सामन्याला बाळू उपकप्तान म्हणून परत आला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटा विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्याच वर्षी त्यांनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलने पुढे मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं. यादीबाहेर राहिलेल्यांना यादी उघडायला लावावी लागते, ती आपण होऊन क्वचितच उघडते.

आणि कौमेची यादी स्वतःच किती तोकडी होती, तेही काळाने दाखवलं. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्याचं नावच 'इतर'. कुठल्याच कौमेत न बसणारे सगळे त्यात. आपला सांगलीचा विजय हजारे ख्रिस्ती असल्याने या 'इतर'मध्ये खेळायचा. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्याने ३०९ धावा केल्या, तेव्हा पूर्ण संघाच्या मिळून होत्या ३८७. असा खेळाडू 'इतर'!

या धर्मवार स्पर्धेला उघड विरोध करणाऱ्यांत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी होते. डिसेंबर १९४० मध्ये वर्ध्याला गेलेल्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींना गांधीजींनीही खेळात असे धर्माचे भेद आपल्याला समजत नाहीत, असंच सांगितलं. गर्दी मात्र थांबली नाही. स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली, देश फुटण्याच्या उंबरठ्यावर. ब्रेलवींचं नाव आज आपल्या मुलांना माहीत नाही. जिंकलेल्या संघाची नावं लक्षात राहतात, ही वाटणीच चुकीची आहे असं म्हणणाऱ्या आपल्या माणसाचं नाव राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याशेजारचा कागद काढला. सरावाची वेळ सकाळी सव्वासहाची केली, शाळेआधी. बुटांची अट सरावापुरती काढून टाकली. सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला, दोन दिवसांत नऊ जोड जमले. दोन जोड मोठे निघाले, पुढे कापूस कोंबला. बंदरावरची सात मुलं आली. त्यातली चार अकरात बसली, माझ्या मेहेरबानीने नव्हे, पायातल्या जोरावर. ओल्या वाळूवर धावलेल्या पोरांना चिखलाची काय भीती? मोहल्ल्यातल्या दोन पालकांनी फोन करून विचारलं, "सर, आमच्या मुलाला का काढलं?" मी त्यांना सकाळी सहाला मैदानावर चहाला बोलावलं. एक आले, बघून काही न बोलता गेले. दुसरे अजून नाराज आहेत.

आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो, तेव्हा ही काही विजयाची गोष्ट नाही. नवी यादी मी त्या नववीतल्या मुलाकडूनच लिहून घेतली होती. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि कोण राहून गेलं हे त्याला माझ्याआधी दिसतं.

तुमच्या हातात कुठली यादी असेल, मशिदीच्या कमिटीची, शाळेच्या संघाची, लग्नाच्या दावतीची, तर चिकटवण्याआधी एकदा विचारा: आपण घातलेली कुठली अट कुणाचं नाव न कापताच गाळते आहे?