रक्त गोठतं कसं आणि कधी गोठत नाही? घोणसच्या दंशापासून हिमोफिलियापर्यंत, 'फॅक्टर'ची साधी माहिती

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका गड्याला घोणस चावली. पायाला सूज होती, दुखत होतं, पण माणूस शुद्धीवर होता, बोलत होता. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी न हलवता उभी ठेवली. २० मिनिटांनी नळी तिरकी केली. आत गुठळी व्हायला हवी होती, पण रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी लगेच सर्पदंशाची लस सुरू केली.

सोबत आलेल्या एकानं विचारलं, "रक्त पातळ असलेलं चांगलंच ना, साहेब?"

हा प्रश्न आपल्या गावागावांत आहे. 'रक्त पातळ', 'रक्त घट्ट', 'अंगात उष्णता' असे शब्द आपण सहज वापरतो. पण रक्त गोठणं किंवा न गोठणं हा वेगळाच विषय आहे. त्यात वेळ गेली तर जीव जातो किंवा पोरगं जन्माचं अधू होतं. म्हणून ही माहिती.

फॅक्टर म्हणजे काय?

रात्री दारं धरताना पाटाचा बांध फुटला तर आपण काय करतो? आधी वरून पाणी कमी करतो. मग हाताला येतील ती ढेकळं, दगड भगदाडात टाकतो. पण नुसती ढेकळं टिकत नाहीत. त्यावर पाला-काटक्यांची जाळी बसली, चिखल लिंपला, की बांध पक्का होतो.

शरीरातही तसंच चालतं. जखम झाली की आधी रक्तवाहिनी आकसते. मग प्लेटलेट धावून येतात, म्हणजे डेंग्यूत आपण ज्यांना 'पेशी कमी झाल्या' म्हणतो त्या. त्या भगदाडाला चिकटतात. ही झाली ढेकळं. त्यानंतर रक्तातले फॅक्टर एकामागून एक जागे होतात. पहिला दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन नावाचा घटक तयार होतो आणि तो फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवतो. हे धागे म्हणजे जाळी. ती बसली की गुठळी पक्की.

या फॅक्टरना १ ते १३ असे क्रमांक आहेत, पण ६ नंबरचा फॅक्टर नाही. तो वेगळा नसून ५ नंबरचंच जागं झालेलं रूप आहे हे नंतर कळलं, म्हणून ती जागा रिकामी राहिली. ४ नंबरचा फॅक्टर म्हणजे आपलं साधं कॅल्शियम. रक्तदान शिबिरात पिशवीतलं रक्त गोठत नाही, कारण पिशवीत आधीच सायट्रेट घातलेलं असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. साखळीची एक कडी अडवली की पुढचं सगळं थांबतं, हे त्यावरून लक्षात येतं.

बहुतेक फॅक्टर यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतात. म्हणून दारूनं किंवा काविळीच्या जुन्या आजारानं लिव्हर निकामी झालं की हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागतं.

घोणस आणि फुरसं काय करतात?

घोणसचं विष या साखळीत मधेच घुसतं. ते ५ आणि १० नंबरच्या फॅक्टरना विनाकारण जागं करतं. फुरशाचं विष थेट २ नंबरच्या फॅक्टरला चेतवतं. अंगभर बारीक बारीक गुठळ्या होत राहतात आणि त्यात सगळा साठा संपतो. मग खरी जखम झाली तर थांबवायला काहीच उरत नाही. दंशाच्या जागी रक्त पाझरत राहतं, हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. घोणसच्या विषानं किडनीही निकामी होऊ शकते.

आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. ती मोकळ्या विषाला निकामी करते, पण संपलेले फॅक्टर परत देत नाही. ते लिव्हरला नव्यानं बनवावे लागतात आणि त्याला काही तास जातात. म्हणूनच डॉक्टर साधारण ६ तासांनी पुन्हा नळीची तपासणी करतात. 'लस दिली तरी थांबवून का ठेवलंय' म्हणून नातेवाईक चिडतात, त्याचं कारण हे आहे.

साप चावल्यावर करकचून दोरी बांधू नका, ब्लेडनं कापू नका, तोंडानं विष ओढू नका. ज्याचं रक्त गोठत नाही त्याला कापलं तर ती जखमच जिवावर उठते. हातपाय हलवू न देता, धीर देत, १०८ ला फोन करून थेट लस असलेल्या दवाखान्यात न्या.

एक गंमतही सांगतो. १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट या दोघांनी याच घोणसचं विष अगदी सौम्य करून, हिमोफिलियाच्या रुग्णांचं वाहतं रक्त थांबवायला वरून लावून वापरलं होतं. रक्ताच्या काही तपासण्यांसाठी प्रयोगशाळेत ते आजही वापरतात.

हिमोफिलिया: जन्मतः कडी नसणं

काही मुलांत एखादा फॅक्टर जन्मापासूनच कमी असतो. ८ नंबरचा कमी असेल तर हिमोफिलिया ए. जन्मणाऱ्या साधारण ५ हजार मुलग्यांत एकाला तो असतो. ९ नंबरचा कमी असेल तर हिमोफिलिया बी, तो आणखी दुर्मीळ. फॅक्टर १ टक्क्यापेक्षा कमी असला की आजार तीव्र, १ ते ५ टक्के असला की मध्यम, त्याहून जास्त असला की सौम्य.

अशा मुलाचं रक्त भळाभळा वाहतं असं नाही. ते जास्त वेळ वाहत राहतं. आणि खरा त्रास आतल्या रक्तस्रावाचा असतो. पोरगं रांगायला, चालायला लागलं की गुडघा, घोटा, कोपर सुजतं, गरम लागतं, निळे डाग पडतात. घरचे म्हणतात मुरगळलं असेल. कुणी तेल लावून चोळतं, कुणी दुखण्याची गोळी देतं. चोळल्यानं आतला रक्तस्राव वाढतो. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचलं की सांधा कायमचा आखडतो.

इथं एक चूक नेहमी होते. रक्त तपासलं, 'पेशी नॉर्मल आहेत' असं कळलं की लोक निश्चिंत होतात. हिमोफिलियात प्लेटलेट नॉर्मलच असतात, कारण दोष ढेकळांत नाही, जाळीत आहे. त्यासाठी पीटी आणि एपीटीटी या तपासण्या लागतात, आणि त्यानंतर नेमका कोणता फॅक्टर किती आहे याची तपासणी. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, तिथं रक्ताच्या अशा आजारांवर काम चालतं.

आईला दोष देऊ नका

हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. बापाला आजार असेल तर त्याच्या मुलग्यांना तो बापाकडून येत नाही, पण मुली सगळ्या वाहक होतात. आणि साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, तो नव्यानंच उद्भवतो. म्हणजे 'सुनेच्या माहेरचा रोग' म्हणून बाईला छळण्यात काही अर्थ नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडून हा आजार रशियाच्या झारच्या घरात गेला. तो हिमोफिलिया बी होता हे झारच्या कुटुंबाच्या अवशेषांवरून २००९ साली सिद्ध झालं.

१३ नंबरसारख्या इतर काही फॅक्टरची कमतरता मुलगा-मुलगी दोघांनाही होते. बाळाची नाळ पडताना किंवा नंतर तिथून रक्त पाझरत राहिलं तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. असे आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. व्हॉन विलेब्रँड नावाचा आजारही स्त्री-पुरुष दोघांना होतो. मुलीला पाळी सुरू झाल्यापासून फार रक्त जातं, आठ-आठ दिवस थांबत नाही, तेव्हा 'होतं असं' म्हणून सोडून न देता ही तपासणीही करायला सांगा.

उपचार आहे

पूर्वी रक्त किंवा प्लाझ्मा चढवणं एवढाच उपाय होता. १९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधक बाईंच्या लक्षात आलं, की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला तर तळाशी जो साका उरतो त्यात ८ नंबरचा फॅक्टर भरपूर असतो. आता फॅक्टर बाटलीत तयार मिळतो आणि तो शिरेतून देतात. काही सरकारी रुग्णालयांत तो मोफत मिळतो, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. डोक्याला मार लागला असेल तर तपासण्यांची वाट न बघता आधी फॅक्टर, हा नियम आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

व्हिटॅमिन के आणि उंदराचं औषध

२, ७, ९ आणि १० नंबरच्या फॅक्टरना व्हिटॅमिन के लागतं. ते पालक, मेथीसारख्या पालेभाज्यांत असतं. नवजात बाळात ते फार कमी असतं, म्हणून जन्मल्यावर लगेच १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. अगदी कमी वजनाच्या बाळाला त्याहून कमी. घरी बाळंतपण झालं तर हे इंजेक्शन राहून जातं. बाळाला लगेच दवाखान्यात दाखवा.

उंदराच्या औषधाची गोष्ट गोठ्यात सुरू झाली. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर नावाची बुरशी लागलेली वैरण खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरत होती. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातून विद्यापीठात गेला. तिथं कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या वैरणीतलं रसायन शोधलं. त्यातूनच वॉरफरिन आलं. १९४८ साली ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध झालं. आपण वापरतो ते ब्रोमॅडिओलोन त्याच जातीचं, पण कितीतरी दिवस टिकणारं. मुलानं ते खाल्लं तर रक्त लगेच येत नाही, दोन-तीन दिवसांनी येऊ शकतं. 'काही झालं नाही' म्हणून थांबू नका, पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा.

नको तिथे गुठळी

साखळी विनाकारण चालली तरी धोका. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की झटका येतो किंवा लकवा मारतो. ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर असताना एकच पाय सुजला, पोटरी दुखली तर लगेच दाखवा. ती गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.

हृदयाची झडप बदललेल्यांना 'रक्त पातळ करायच्या' गोळ्या देतात. त्या रक्त पातळ करत नाहीत, फॅक्टरना लगाम घालतात. लगाम किती हे पीटी-आयएनआर तपासणीतून कळतं. गोळी मनानं बंद करू नका, मनानं वाढवू नका. पालेभाजी खा, पण रोज साधारण तेवढीच. दुसरं कोणतंही औषध, काढा किंवा दुखण्याची गोळी घेण्याआधी विचारा.

लक्षात ठेवा

- दात काढल्यावर, सुंतेनंतर किंवा छोट्या जखमेतून तासन्‌तास रक्त येत असेल तर पीटी आणि एपीटीटी तपासून घ्या.
- मुलाचा सांधा मार न लागता सुजला तर चोळू नका. बर्फ लावा, हालचाल थांबवा, दवाखाना गाठा.
- हिमोफिलियाच्या रुग्णाला ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेण्याआधी आजार सांगा.
- आजाराचं आणि गोळ्यांचं नाव लिहिलेला कागद खिशात ठेवा.

त्या गड्याची नळी पुन्हा लावली तेव्हाही रक्त गोठलं नव्हतं, लसीचा आणखी डोस द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी तिरकी केली तेव्हा गुठळी जागची हलली नाही. पाच दिवसांनी तो घरी आला. चावल्यापासून दवाखान्यात पोचायला त्याला पाऊण तास लागला होता. आधी मांत्रिकाकडे न्यायचं म्हणणारेही वस्तीवर होते.

(ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या.)