दोष दारूचा की आहाराचा?

अति मद्यपान आणि यकृताचा आजार यांचा संबंध लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७९३ मध्येच नोंदवला होता. खडबडीत, कठीण झालेल्या यकृताला 'सिऱ्हॉसिस' हे नाव दिले ते स्टेथोस्कोपवाल्या लेनेक यांनी, १८१९ मध्ये. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ केवळ 'पिवळट-तपकिरी'. रोगाचे कारण त्यातून काहीच कळत नाही; तरी नाव टिकले.

कारणाचा वाद पुढे बराच काळ चालला. दारुडा माणूस जेवत नाही. दारूतून उष्मांक मिळतात, पण प्रथिने व जीवनसत्त्वे जवळजवळ नाहीत. मग यकृत बिघडते ते दारूने की कुपोषणाने? १९४९ मध्ये चार्ल्स बेस्ट (इन्शुलिनच्या शोधातील बँटिंग यांचे सहकारी) यांनी काही उंदरांना दारू आणि काहींना तेवढ्याच उष्मांकाची साखर दिली. आहारात कोलीनसारखे घटक कमी असताना दोन्ही गटांची यकृते बिघडली. ते घटक पुरवल्यावर बचावली. म्हणजे दारू साखरेइतकीच निरुपद्रवी! प्रयोग खोटा नव्हता, पण उंदीर दारूमिश्रित पाणी फारसे पीतच नाहीत.

खरे तर एक उत्तर आधीच समोर होते. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचे रेशनिंग झाले. अन्नाचीही टंचाई होती. कुपोषण हेच कारण असते, तर सिऱ्हॉसिसचे मृत्यू वाढायला हवे होते. ते झपाट्याने घटले, आणि रेशनिंग संपल्यावर पुन्हा वाढले.

प्रयोगशाळेतील उत्तर न्यूयॉर्कच्या चार्ल्स लिबर यांनी दिले. १९६० च्या दशकात त्यांनी स्वयंसेवकांना सकस आहाराबरोबर दारू दिली. थोड्याच दिवसांत यकृतात चरबी साठली. पुढे बबून माकडांच्या द्रवरूप आहारातच दारू मिसळली, म्हणजे ती टाळता येणार नाही. तुलनेसाठीच्या माकडांना दारूऐवजी तेवढ्याच उष्मांकाची कर्बोदके मिळाली. दारू मिळालेल्यांपैकी काहींना काही वर्षांत सिऱ्हॉसिस झाला. तुलनेच्या गटाची यकृते शाबूत राहिली.

यकृत दारूचे अॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर करते. आधी पेशींत चरबी साठते, मग काहींच्या यकृताला सूज येते. मेलेल्या पेशींच्या जागी तंतूंचे व्रण तयार होऊन रक्ताची वाट अडते. दारू सोडल्यास चरबी काही आठवड्यांत ओसरते. व्रण मात्र बहुतांशी तसेच राहतात.