बरोबरीचा कोण? : अमेरिकी शालेय फुटबॉलमधील गटवारीचा इतिहास

अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा फुटबॉल साहित्याच्या अभ्यासकांस बहुधा पुस्तकांतूनच भेटतो. एच. जी. बिसिंजर यांच्या १९९० सालच्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' या पुस्तकात टेक्सासमधील ओडेसा गावच्या पर्मियन शाळेचा १९८८ चा हंगाम आहे. एक सबंध गाव आपले मोठेपण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यांवर ठेवते आणि ते पेलले जाते की नाही हे पाहण्यास दर शुक्रवारी रात्री मैदानावर जमते. ही मुले कोणाशी खेळणार, हे मात्र गाव ठरवीत नाही. ते ठरते गटवारीने. शाळांनी आपला गट बदलावा काय, कोणत्या कारणाने बदलावा, हा वाद तेथे आजही मिटलेला नाही. आमच्या मते तो केवळ खेळाचा वाद नाही. 'आपल्या बरोबरीचा कोण' या प्रश्नाला एका समाजाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा तो इतिहास आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि अंगाला अंग भिडवून अडवायचे, असा तो प्रकार. मैदानावर एका बाजूचे अकरा खेळाडू असतात. मोठ्या शाळेजवळ चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात, तर लहान शाळेत तीच मुले दोन्ही कामे करतात आणि सामना संपत येतो तेव्हा थकलेल्या अंगाने ताज्या दमाच्या मुलांना सामोरी जातात. म्हणून येथे विषम लढत म्हणजे नुसता पराभव नव्हे, तर दुखापतीचे भयही आहे.

संख्येचे हे महत्त्व लवकरच ध्यानात आले. टेक्सासमध्ये 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग' या संस्थेने १९२० च्या हंगामापासून राज्य अजिंक्यपद सुरू केले. त्या पहिल्या हंगामातील ह्यूस्टनची हाइट्स शाळा आणि क्लीबर्न यांची अंतिम लढत एकही गुण न होता बरोबरीत सुटली. पुढे पटसंख्येनुसार गट पडत गेले. दर दोन वर्षांनी पट मोजून फेरमांडणी करण्याची पद्धत रूढ झाली आणि २०१४ मध्ये सहावा मोठा गट आला. नेब्रास्कात स्टीफन एप्लर या शिक्षकाने १९३४ साली सहा-सहा खेळाडूंचा फुटबॉल रचला, तो अकरा मुलेही न जमणाऱ्या शाळांसाठीच.

डोकी मोजणे हे निःपक्षपाती काम वाटते. पण मोजण्यापूर्वी कोणाला मोजायचे हे ठरलेले असते. टेक्सासच्या या संस्थेचे सदस्यत्व १९६५ पर्यंत नियमानेच गोऱ्यांच्या सार्वजनिक शाळांपुरते होते. कृष्णवर्णीय शाळांची स्वतंत्र 'प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलास्टिक लीग' होती. तिचेही पटानुसार गट होते, तिचेही विजेते होते. कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचे नाव मिरवणाऱ्या टेंपल आणि लफकिन येथील शाळांतून पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे जो ग्रीन आणि केन ह्यूस्टन घडले. म्हणजे पटाने पडलेल्या गटांच्या वर रंगाने पडलेला एक गट होता आणि तो बदलण्याचा अर्ज कोणत्याही कार्यालयात करता येत नव्हता. १९७० पर्यंत ही लीग विसर्जित झाली. समानता आली खरी. पण तिच्या वाटेवर अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या आणि अनेक प्रशिक्षकांची पदे गेली. त्या शाळा गट बदलून वर गेल्या नाहीत, यादीतूनच गेल्या.

पुढल्या काळात पटसंख्येवर दुरुस्त्या सुरू झाल्या. खासगी शाळा लांबून विद्यार्थी घेऊ शकतात, या तक्रारीवरून अॅलाबामात त्यांचा पट १.३५ ने, तर इलिनॉयमध्ये १.६५ ने गुणण्याचे नियम आले. उलट मिनेसोटा व ऑरेगॉन या राज्यांनी सवलतीच्या दरात जेवण मिळणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांचा काही हिस्सा पटातून वजा केला. दारिद्र्य हेही स्पर्धेतले वजन आहे, असे आकड्यांनीच मान्य केले.

इंडियाना राज्याने २०१२ साली याहून पुढचे पाऊल टाकले. या राज्याची मोठी दंतकथा बास्केटबॉलची. १६१ विद्यार्थ्यांच्या मिलान शाळेने १९५४ साली मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असे हरवले. 'हूझियर्स' (१९८६) या चित्रपटामागची प्रेरणा हीच. तेथे बास्केटबॉलमध्ये १९९७ पर्यंत गट नव्हते आणि ते आले तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. फुटबॉलची राज्य स्पर्धा मात्र १९७३ मध्ये गट पाडूनच सुरू झाली होती. २०१२ च्या नियमाने पटाबरोबर विजयही मोजायचे ठरले: दोन हंगामांत ठरावीक यश मिळवणारा संघ वरच्या गटात जाईल. इंडियानापोलिसची कॅथेड्रल ही खासगी शाळा या नियमाने वर गेली आणि २०१३ मध्ये तेथेही जिंकली. केवळ पट पाहून जे बळ दिसत नव्हते ते या नियमाने अचूक हेरले, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही आम्हांस एक गोष्ट खटकते. शालेय संघ दरवर्षी बदलतो. जिंकणारी मुले बारावी संपवून निघून जातात आणि त्यांच्या विजयाचे ओझे धाकट्यांच्या पाठीवर येते. शाळेचे नाव तेच राहिले म्हणून बळही तेच राहिले, असे गृहीत धरले जाते. शिवाय साधनसंपन्न शाळेला हे ओझे पेलते. एखाद्या लहान गावात एकदाच जमून आलेल्या गुणी पिढीनंतरच्या मुलांना ते पेलेलच असे नाही.

म्हणून गट बदलावा काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: बदलावा, परंतु आज मैदानात उतरणाऱ्या मुलांजवळ काय आहे आणि काय नाही, हे पाहून. पट पाहावा, गरिबी पाहावी, आणि सतत चिरडल्या जाणाऱ्या संघाने खाली जाण्याची विनंती केली तर तिला भित्रेपणा म्हणू नये. मिलानची कथा आम्हांलाही प्रिय आहे. पण त्या एका कथेसाठी त्याच वर्षी मोठ्या शाळांकडून हरलेल्या इतर लहान शाळांना विसरावे लागते. दंतकथा जिंकणाऱ्याची होते. गटवारीचा नियम मात्र हरणाऱ्याकडे पाहूनच करावा लागतो.