त्रिकोणांचा खेळ आणि 'एपीआय'चा वेग

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके जगाला ठाऊक झाले ते वारली चित्रांमुळे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढलेल्या या चित्रांत माणसाचे धड दोन त्रिकोणांचे असते. एकाचे टोक दुसऱ्याच्या टोकाला टेकलेले. तलासरी तालुक्यातील धामणगावात जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहून ही कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ मध्ये 'पद्मश्री' मिळाली. त्यांच्या चित्रांत त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्याच भांडवलावर अख्खे गाव उभे राहते.

संगणकीय खेळांतील चित्रेही त्रिकोणांचीच असतात. पडद्यावर धावणारा योद्धा, त्याच्या मागचा किल्ला, पायाखालचे गवत हे सारे लहान लहान त्रिकोणांचे जाळे असते. फरक इतकाच, की चित्रकार एका चित्रासाठी कित्येक दिवस खपतो. संगणकाला मात्र संपूर्ण चित्र सेकंदाला ३० किंवा ६० वेळा नव्याने काढावे लागते. हे काम ग्राफिक्स चिप करते. काय काढायचे, कोठे काढायचे आणि कोणत्या रंगात, हे तिला सांगणारी भाषा म्हणजे 'ग्राफिक्स एपीआय'.

२०१३ नंतरच्या काही वर्षांत ही भाषाच बदलली. 'डायरेक्टएक्स १२', 'व्हल्कन', 'मेटल' ही नावे खेळांच्या सेटिंगमध्ये दिसू लागली आणि त्यांच्यामुळे खेळ आपोआप वेगवान होतो, असा समज रूढ झाला. हा समज कितपत खरा आहे, याचे उत्तर नव्या कार्डासाठी पैसे साठवणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी निगडित आहे.

मधला दुभाष्या

एनव्हिडिया, एएमडी, इंटेल अशा कंपन्यांच्या अनेक प्रकारच्या चिप बाजारात असतात. प्रत्येक चिपसाठी वेगळा खेळ लिहिणे अशक्य असते. म्हणून खेळ लिहिणारा ठरावीक आज्ञा वापरतो आणि 'ड्रायव्हर' हा प्रोग्रॅम त्या आज्ञांचे चिपच्या भाषेत रूपांतर करतो. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९२ मध्ये आणलेले 'ओपनजीएल' आणि मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये आणलेले 'डायरेक्टएक्स' हे अशा आज्ञांचे दोन गाजलेले संच. २००९ मध्ये 'विंडोज ७'बरोबर 'डायरेक्टएक्स ११' आले आणि पुढची अनेक वर्षे पीसीवरील खेळांचा भार प्रामुख्याने त्यानेच वाहिला.

या जुन्या पद्धतीत ड्रायव्हर पडद्याआड बरेच काही करीत असे. स्मृतीची जागा वाटून देणे, कोणते काम आधी व कोणते नंतर हे पाहणे, आज्ञेत चूक आहे का ते तपासणे, ही सारी जबाबदारी त्याची. प्रोग्रॅमरला हे सोयीचे होते. पण ही सोय फुकट नव्हती. यातील प्रत्येक कामासाठी मुख्य प्रोसेसरचा वेळ खर्ची पडत असे.

तारपा नाचाचे उदाहरण

वारली चित्रांतील तारपा नाच घेऊ. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळसे घेत नाचणारे शंभर जण. प्रत्येकाचे धड दोन त्रिकोणांचे धरले, तर त्रिकोण झाले दोनशे. एका चित्रात लाखो त्रिकोण काढणाऱ्या आजच्या चिपला हे काम नगण्य आहे. पण प्रत्येक नर्तकासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागली, तर आज्ञा मात्र शंभर होतात. या आज्ञेला 'ड्रॉ कॉल' म्हणतात आणि ती तयार करण्याचे काम ग्राफिक्स चिपचे नसून मुख्य प्रोसेसरचे असते.

सारे नर्तक हुबेहूब सारखे असतील, तर त्यांना एकाच आज्ञेत काढण्याची सोय जुन्या एपीआयमध्येही होती. मात्र खेळातील बाजारपेठ किंवा रणांगण असे नसते. तेथे प्रत्येकाचा पोशाख निराळा, हालचाल निराळी, अंगावरचा प्रकाश निराळा. आज्ञांची संख्या मग हजारांवर जाते. जुन्या एपीआयमध्ये ही हजारो आज्ञांची तयारी बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच 'कोअर'वर पडत असे. उरलेले कोअर बव्हंशी रिकामे राहत. भिंत रंगवायला दहा जण बसले आहेत, पण तांदळाचे पीठ कालवून देणारा एकटाच आहे, अशी ही अवस्था होती. रंगवणारे कितीही चपळ असले तरी पिठाची वाट पाहत त्यांना थांबावेच लागणार.

नव्या एपीआयने नेमके येथे बदल केला. आज्ञांच्या याद्या अनेक कोअरवर एकाच वेळी तयार करता येतात. चिपची बरीचशी स्थिती आधीच ठरवून ठेवता येते, त्यामुळे दर वेळी नवी तपासणी लागत नाही. शिवाय चित्र काढण्याचे आणि इतर गणिताचे काम चिपवर शेजारी-शेजारी चालवता येते. म्हणजेच चिपची ताकद वाढत नाही. तिचा वाया जाणारा वेळ कमी होतो.

हिशेब मिलिसेकंदांचा

सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांसाठी ३३.३. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप ही कामे साधारणपणे समांतर करतात. त्यामुळे दोघांपैकी जो मागे पडतो, तोच खेळाचा वेग ठरवतो.

समजा, एका संगणकावर प्रोसेसरला आज्ञा तयार करण्यास २५ मिलिसेकंद लागतात आणि चिपला चित्र काढण्यास १२. वेग प्रोसेसरमुळे अडला आहे आणि सेकंदाला ४० चित्रे मिळतात. नव्या एपीआयमुळे प्रोसेसरचे काम १० मिलिसेकंदांवर आले, तर आता चिप मर्यादा ठरवेल आणि वेग ८३ चित्रांपर्यंत जाईल. पैसा न खर्चता दुप्पट लाभ.

आता उलटे उदाहरण पाहू. प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात, पण चिप जुनी असल्याने तिला २५ लागतात. येथेही वेग ४० चित्रांचाच आहे. प्रोसेसरचे काम १२ वरून ६ मिलिसेकंदांवर आले तरी चिप २५ मिलिसेकंद घेणारच. लाभ शून्य. एकाच खेळात एकाला मोठा फरक जाणवतो आणि दुसऱ्याला काहीच नाही, याचे मूळ या साध्या गणितात आहे.

'मँटल'पासून 'व्हल्कन'पर्यंत

या बदलाला तोंड फोडले ते एएमडीने. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने 'मँटल' हा स्वतःचा एपीआय जाहीर केला आणि जानेवारी २०१४ च्या अखेरीस 'बॅटलफिल्ड ४' या खेळात तो वापरात आला. मार्च २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'डायरेक्टएक्स १२'ची, तर जूनमध्ये अॅपलने 'मेटल'ची घोषणा केली. 'डायरेक्टएक्स १२' जुलै २०१५ मध्ये 'विंडोज १०'बरोबर लोकांपर्यंत पोहोचले. मँटल स्वतः फार काळ टिकले नाही; पण एएमडीने ते 'क्रोनोस' या उद्योगसमूहाच्या स्वाधीन केले आणि त्याच्या पायावर फेब्रुवारी २०१६ मध्ये 'व्हल्कन' उभे राहिले. त्याच वर्षी जुलैत 'डूम' या खेळाला व्हल्कनची जोड मिळाली, तेव्हा विशेषतः एएमडीच्या कार्डांवर वेगातील वाढ ठळक दिसली. ज्या कार्डांचा जुना ड्रायव्हर कमकुवत होता, त्यांना दुभाष्याचे काम कमी होण्याचा फायदा अधिक झाला.

व्हल्कन एकाच कंपनीच्या प्रणालीला बांधलेले नाही. २०१६ मध्येच ते 'अँड्रॉइड ७'मध्ये आले आणि मार्च २०२५ मध्ये गुगलने ते अँड्रॉइडचे अधिकृत ग्राफिक्स एपीआय असल्याचे जाहीर केले. फोनवर प्रोसेसरचे काम वाचले, की बॅटरी आणि उष्णता यांचाही प्रश्न सौम्य होतो. २०१८ मध्ये 'व्हॉल्व्ह' कंपनीने आणलेली 'प्रोटॉन' ही प्रणाली विंडोजच्या खेळांतील आज्ञांचे व्हल्कनमध्ये रूपांतर करते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले 'स्टीम डेक' हे हातातील यंत्र लिनक्सवर चालूनही विंडोजचे असंख्य खेळ खेळवते, ते याच रूपांतराच्या बळावर.

कन्सोलची गोष्ट निराळी

कन्सोलमध्ये यंत्र ठरलेले असते. एका मॉडेलच्या प्रत्येक नगात तीच चिप, तीच स्मृती. त्यामुळे कन्सोलचे एपीआय पूर्वीपासूनच सडपातळ होते. २०१३ च्या 'प्लेस्टेशन ४'साठी सोनीने 'जीएनएम' हा यंत्राच्या अगदी जवळ जाणारा एपीआय दिला होता. त्या कन्सोलच्या प्रोसेसरचा वेग अवघा १.६ गिगाहर्ट्झ होता. तरीही त्यावर भव्य खेळ चालले, याचे एक कारण हे होते. पीसीवरील नवे एपीआय म्हणजे एका अर्थाने कन्सोलची जुनी शिस्त पीसीवर आणण्याचा प्रयत्न आहे.

याच कारणाने कन्सोलला या बदलाचा लाभ तुलनेने कमी झाला. 'डायरेक्टएक्स १२'मुळे 'एक्सबॉक्स वन'च्या चित्रांत नाट्यमय फरक पडणार नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाचे तत्कालीन प्रमुख फिल स्पेन्सर यांनीही २०१४ मध्ये म्हटले होते. कन्सोलसाठी पुढची खरी पायरी होती ती २०२० मधील 'डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट'. प्रकाशकिरणांचा माग काढणे, त्रिकोणांचे गट चिपवरच निवडणारे 'मेश शेडर', पडद्याच्या कमी महत्त्वाच्या भागावर कमी श्रम घेणे या सोयींमुळे पीसी आणि 'एक्सबॉक्स सिरीज एक्स' यांची भाषा एक झाली. मात्र या सोयी चिपमध्येच असाव्या लागतात. एपीआय त्या निर्माण करू शकत नाही.

स्वातंत्र्याची किंमत

ड्रायव्हरचे काम कमी झाले, म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे. ते खेळ लिहिणाऱ्याच्या डोक्यावर आले. स्मृतीचे वाटप, कामांचा क्रम, परस्परांची वाट पाहणे हे सारे आता त्याने सांभाळायचे. त्यात चूक झाली, तर नवा एपीआय जुन्यापेक्षा संथ ठरतो. काही वेळा खेळ बंदही पडतो.

याचे सर्वांत परिचित लक्षण म्हणजे खेळात मध्येच बसणारा झटका. रंग आणि प्रकाश ठरवणारे 'शेडर' हे छोटे प्रोग्रॅम प्रत्येक चिपसाठी वेगळे तयार करावे लागतात. कन्सोलची चिप ठरलेली असल्याने ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते खेळ सुरू असताना तयार होऊ लागले, की चित्र क्षणभर अडखळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'डायरेक्टएक्स १२'वर आलेल्या 'एल्डन रिंग'च्या पीसी आवृत्तीबाबत अशा अडखळण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. म्हणूनच आता अनेक खेळ सुरुवातीलाच 'शेडर तयार होत आहेत' असे सांगून काही मिनिटे थांबवतात. ही प्रतीक्षा कंटाळवाणी असली, तरी ती मध्येच सोडून देऊ नये.

दुसरी किंमत जुन्या यंत्रांना मोजावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला 'अॅलन वेक २' मेश शेडरवर बेतलेला होता. ती सोय नसलेल्या एनव्हिडियाच्या 'जीटीएक्स १०' मालिकेतील कार्डांवर तो सुरुवातीला अतिशय संथ चालला. मार्च २०२४ मधील सुधारणेनंतर परिस्थिती बरी झाली. एकच तंत्र काही कार्डांचे आयुष्य वाढवते, तर काहींचे संपवते.

पुण्यातील छोटे स्टुडिओ

महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र पुणे आहे. फ्रान्सच्या 'युबिसॉफ्ट'चा स्टुडिओ तेथे २००८ पासून आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातील छोट्या स्टुडिओचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये 'निन्टेंडो स्विच'वर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, 'प्लेस्टेशन ४' व 'एक्सबॉक्स वन'वर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील खेळांच्या गटात त्याला नामांकनही मिळाले.

चार यंत्रे म्हणजे चार प्रकारची ग्राफिक्स भाषा. मोजक्या माणसांच्या स्टुडिओने प्रत्येक भाषा मुळापासून लिहिणे परवडणारे नसते. 'राजी' ज्यावर उभा आहे ते 'अनरिअल इंजिन ४' यासारखी इंजिने हा भार उचलतात. त्यामुळे नव्या एपीआयचा लाभ छोट्या निर्मात्यांपर्यंत पोहोचतो तो बहुधा इंजिनाच्या वाटेने. कमी ताकदीच्या यंत्रावर खेळ नीट चालला, तरच तो अधिक घरांत जातो; म्हणून वाचलेला प्रत्येक मिलिसेकंद अशा स्टुडिओसाठी ग्राहकसंख्येचा प्रश्न असतो.

खरेदीपूर्वी एवढे पाहावे

विंडोजच्या 'रन' चौकटीत 'डीएक्सडायग' ही आज्ञा दिली की संगणकाची माहिती उघडते. पहिल्या पानावर दिसणारी डायरेक्टएक्सची आवृत्ती विंडोजची असते, कार्डाची नव्हे. कार्डाची कुवत 'डिस्प्ले' या पानावरील 'फीचर लेव्हल्स'मध्ये दिसते.

आपला संगणक कोठे अडतो, हेही घरच्या घरी ताडता येते. खेळाचे रेझोल्यूशन कमी करून पाहावे. वेग लक्षणीय वाढला, तर अडचण ग्राफिक्स चिपची आहे आणि एपीआय बदलून फारसे साधणार नाही. वेग जवळजवळ तेवढाच राहिला, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. अशा वेळी खेळात पर्याय असल्यास 'डायरेक्टएक्स १२' किंवा 'व्हल्कन' निवडून पाहावे. निवड केल्यावर केवळ सरासरी आकड्यावर समाधान मानू नये. खेळ मध्ये मध्ये अडखळतो का, तेही पाहावे. अडखळत असेल, तर जुना एपीआय निवडण्यात कमीपणा नाही.

भिंत रंगवणारे हात आणि पीठ कालवणारे हात, यांपैकी कोण कमी पडते आहे, हे आधी ओळखायचे. ते कळले, की कोणता पर्याय निवडायचा आणि पैसे खर्चायचेच झाले तर कशावर, हे ठरवणे कठीण राहत नाही.