भगतसिंग थिंद

भगतसिंग थिंद (३ ऑक्टोबर १८९२ – १५ सप्टेंबर १९६७) हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झालेले पंजाबी शीख सैनिक, लेखक व अध्यात्मविषयक व्याख्याते होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध भगतसिंग थिंद' या खटल्यात त्यांना नागरिकत्व नाकारले. या निकालामुळे अमेरिकेतील भारतीयांना सुमारे २३ वर्षे नागरिकत्वाचा मार्ग बंद झाला.

पूर्वायुष्य

थिंद यांचा जन्म पंजाबमधील अमृतसर जिल्ह्यात तारागढ तलावा या गावी झाला. अमृतसरच्या खालसा महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथे ऑरेगन राज्यात लाकूड कापण्याच्या कारखान्यांत त्यांनी मजुरी केली. याच काळात भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर पक्षाच्या कार्यकर्त्यांशी त्यांचा परिचय झाला.

सैन्यातील सेवा

२२ जुलै १९१८ रोजी थिंद अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुईस या छावणीत त्यांचे प्रशिक्षण झाले. गणवेशावर पगडी परिधान केलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ८ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांना प्रभारी सार्जंटचे पद मिळाले. त्यानंतर तीनच दिवसांनी युद्धविराम झाला. त्यामुळे त्यांची सर्व सेवा अमेरिकेच्या भूमीवरच झाली. १६ डिसेंबर १९१८ रोजी त्यांना सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले. सेवामुक्तीच्या कागदपत्रांत त्यांच्या वर्तणुकीची नोंद 'उत्कृष्ट' अशी आहे.

नागरिकत्वाचा लढा

मे १९१८ च्या कायद्याने सैन्यात सेवा करणाऱ्या परकीयांसाठी नागरिकत्वाची प्रक्रिया सुलभ केली होती. त्यानुसार ९ डिसेंबर १९१८ रोजी, सैन्यात असतानाच, थिंद यांना नागरिकत्व मिळाले. परंतु चारच दिवसांनी ते रद्द करण्यात आले. १७९० पासूनच्या कायद्यानुसार हा अधिकार 'गोऱ्या मुक्त व्यक्तीं'पुरता मर्यादित होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांचा समावेश झाला. आशियाई लोकांचे स्थान मात्र वादग्रस्तच राहिले.

थिंद यांनी १९१९ मध्ये ऑरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. सरकारने त्यांच्या गदर संबंधांवर बोट ठेवले. तरीही न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी १८ नोव्हेंबर १९२० रोजी त्यांना नागरिकत्व बहाल केले. सरकारने अपील केल्यावर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.

तेथे थिंद यांची बाजू सखाराम गणेश पंडित या भारतीय वकिलांनी मांडली. उत्तर भारतीय लोक आर्य, म्हणजेच तत्कालीन मानववंशशास्त्रानुसार कॉकेशियन वंशाचे आहेत, म्हणून ते 'गोरे' ठरतात, असा हा युक्तिवाद होता. त्याच्या पुष्टीसाठी उच्च जातीचा दाखलाही देण्यात आला. म्हणजेच वांशिक अट अन्याय्य असल्याचे न म्हणता, थिंद त्या अटीत बसतात असे सिद्ध करण्याचा हा प्रयत्न होता. न्यायालयाच्या नोंदींत शीख असलेल्या थिंद यांचा उल्लेख 'उच्चवर्णीय हिंदू' असा आहे. त्या काळी अमेरिकेत सर्वच भारतीयांना सरसकट 'हिंदू' म्हटले जाई.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने थिंद यांच्या विरोधात निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. तीन महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराच्या खटल्यात, 'गोरा' म्हणजे कॉकेशियन, असा अर्थ याच न्यायालयाने लावला होता. आता मात्र शास्त्रीय वर्गीकरण बाजूला ठेवून सामान्य माणसाच्या समजुतीला प्रमाण मानण्यात आले.

निकालाचे परिणाम

निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यास सुरुवात केली. कॅलिफोर्नियात परकीयांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारे कायदे भारतीय शेतकऱ्यांना लागू झाले. नागरिकत्व गमावलेले सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित यांच्यावरही असाच खटला झाला. मात्र तो त्यांनी जिंकला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका विचारात घेण्यास नकार दिला.

उत्तरायुष्य

थिंद अमेरिकेतच राहिले. त्यांनी देशभर अध्यात्मावर व्याख्याने दिली. 'रेडियंट रोड टू रिॲलिटी' हे त्यांच्या ग्रंथांपैकी एक होय. १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्या आशियाई माजी सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा संमत झाला. त्याआधारे १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे थिंद अखेर अमेरिकेचे नागरिक झाले. वंशाच्या आधारे नाकारला गेलेला हक्क त्यांना १८ वर्षांपूर्वीच्या सैनिकी सेवेमुळे मिळाला. इतर भारतीयांना मात्र १९४६ च्या लूस-सेलर कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. नागरिकत्वासाठी असलेली वंशाची अट १९५२ मध्ये पूर्णपणे रद्द झाली. थिंद यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले.