दगडातली खातेवही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांवरच्या नव्या वह्यांना हळदकुंकू वाहिले जाते, तेव्हा मला आमच्या नाशिकची एक फार जुनी वही आठवते. ती कागदाची नाही, दगडाची आहे. गावापासून सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. त्यातल्या चोवीस लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या वस्तीसाठी कोरलेली लेणी. ज्यांनी दाने दिली, त्यांनी आपल्या देण्याचा जमाखर्च तिथल्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत खोदवून ठेवला आहे.

शाळेतल्या मुलांना तिथे नेले की दहाव्या लेण्यात उभी राहून मी त्यांना एक गणित घालते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इ. स. १२० च्या सुमारास ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवले. गोवर्धन म्हणजे आजचे गंगापूरजवळचे खेडे. विणकरांचे तिथे संघ होते, त्यांना श्रेणी म्हणत. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दरमहा दर शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० ठेवले, पाऊण टक्क्याने. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही, व्याज तेवढे खर्चायचे. "सांगा पाहू, दोन हजारांचे वर्षाचे व्याज किती?" मुले बोटे मोडतात आणि ओरडतात, "दोनशे चाळीस!" मग मी भिंतीकडे बोट दाखवते. पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असे तिथे लिहिले आहे. वीस बारे दोनशे चाळीस! उषवदाताचा हिशेब पैन् पै जुळतो.

"बाई, पण तो राजाचा जावई. त्याला काय कमी?" असे एखादा चुणचुणीत मुलगा म्हणतोच. खरे आहे. तीन लाख गाई दिल्याचे तो सांगतो, नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे सांगतो, वाटसरूंसाठी गोवर्धनला निवारा बांधल्याचेही सांगतो. म्हणून मी मुलांना आठव्या लेण्यात नेते. ते मुगुदास नावाच्या एका कोळ्याचे दान आहे. आपल्या परिवारासह त्याने ते दिले, असे तिथे लिहिलेले आहे. जाळे टाकून पोट भरणाऱ्याचे नाव राजाच्या जावयाच्या शेजारी जाऊन बसले आहे.

पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने कुंभार, तेली, पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी ठेवल्या. कशासाठी? चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंपैकी कोणी आजारी पडला, तर त्याच्या औषधासाठी. सर्व जिवांचे हित आणि सुख हा हेतू तिने स्पष्ट नोंदवला आहे. ज्यांना औषध मिळणार, त्यांतले पुष्कळसे तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांचे तोंड ती पाहणार नव्हती, त्यांचा नमस्कार तिला मिळणार नव्हता. तरी तिने दिले. तिचे सुख देण्यातच पुरे झाले होते.

हे मला फार उशिरा कळले. मॅट्रिकच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते. परीक्षेची फी भरायला घरात पैसे नव्हते. शेवटच्या दिवशी मी रडवेली होऊन कचेरीत गेले, तर कारकून म्हणाले, "तुझी फी भरली गेली. कोणी, ते सांगायचं नाही असं बजावलंय." आई हे ऐकून आनंदली, मग हिरमुसली. "अगं, कोणाचे उपकार ते कळल्यावाचून फेडायचे कसे?" मी मात्र त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येकाशी अदबीने वागू लागले. न जाणो, हाच तो असेल!

फेड कोणाला करायची, हे कोडे विष्णुदत्तेच्या लेखासमोर सुटले. देणाऱ्याला परत करायचे नसते, पुढे पाठवायचे असते. त्याच गोदाकाठी गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) धर्मशाळा उभी केली. स्वतः मडक्यात मागून आणलेली भाकरी खायची, धर्मशाळांचा लाभ आपण किंवा आपल्या माणसांनी घ्यायचा नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. उषवदाताच्या निवाऱ्यापासून बाबांच्या धर्मशाळेपर्यंत मधे अठराशे वर्षे गेली. मुद्दल मात्र कोणी मोडले नाही.

काही वर्षांपूर्वी मीही एका मुलीची फी गुपचूप भरली. खोटे कशाला सांगू, तिचा चेहरा पाहायला मी कचेरीच्या आसपास घुटमळले. ती बाहेर आली, क्षणभर थांबली आणि तिने शिपायाला नमस्कार केला, मग ग्रंथपालांना, मग मला. न जाणो, यांतलेच कोणी असेल!

त्या नमस्कारातला तिसरा हिस्सा माझ्या वाट्याला आला. त्यावर माझी ती दिवाळी गोड झाली.