सुई का वळली? : शाळेसाठी प्रयोगांची निवड



माझे शिक्षण शाळेत थोडे व कारखान्यात पुष्कळ झाले. पदार्थविज्ञानावर बोलण्याचा मला अधिकार नाही, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांची काही मुले संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत अभ्यासाला बसतात. त्यांतल्या एकाने मला घडाघडा सांगितले की, तारेतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे जवळची चुंबकसुई वळते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखविले. मी विचारले, "सुई वळताना पाहिलीस का रे?" तो म्हणाला, "नाही काका, ती परीक्षेला येत नाही."

हायस्कुलातील मुलांनी इतिहासातले कोणते प्रयोग शिकावेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांचा नाही. माझ्या मते निवड करताना प्रयोगाची कीर्ती पाहू नये. मुलाला तो स्वतःच्या हाताने करता यावा, त्याने जुन्या समजुतीला धक्का बसावा आणि त्याचा धागा आपल्या जीवनापर्यंत पोहोचावा. १८८७ चा मायकेलसन व मोर्ले यांचा प्रयोग थोर खरा. परंतु शाळेत त्याची गोष्टच सांगता येईल.

पहिला प्रयोग गॅलिलिओचा. पिसाच्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. उतरत्या फळीचा प्रयोग मात्र त्याने १६३८ च्या ग्रंथात स्वतः वर्णिला आहे. नेमके घड्याळ नसल्यामुळे भांड्यातून झरणारे पाणी तोलून त्याने काळ मोजला. दुप्पट वेळात गोळा दुप्पट नव्हे, चौपट अंतर जातो, असे त्याला आढळले. फळी, गोटी व गळके भांडे कोणत्या शाळेला परवडणार नाही?

दुसरा प्रयोग आम्हां कामगारांच्या घरचा. म्युनिचच्या शस्त्रागारात तोफांचे नळ कोरताना धातू तापतो, हे रम्फर्डने पाहिले. उष्णता हा पदार्थात साठलेला एक द्रव आहे, असे तेव्हाचे मत होते. रम्फर्डने बोथट हत्यार लावून, घोड्यांच्या बळावर, पाण्यात बुडवलेला नळ फिरविला. अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळले! घर्षण चालू असेतो उष्णता निघतच राहते; मग ती साठलेली वस्तू कशी असेल? १७९८ साली त्याने हे जाहीर केले. ड्रिलवर कूलंट का सोडावे लागते, हे ज्याचा बाप रोज पाहतो, त्या मुलाला हा धडा परका वाटणार नाही.

तिसरा प्रयोग त्या सुईचा, आणि त्याचा धागा तर आपल्या शेजारीच आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले, तेव्हा रुळांतून व जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहाने या नोंदी बिघडणार, हे उघड झाले. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. अलिबागला पोरबंदरी दगडाची, चुंबकीय धातू टाळून बांधलेली नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, म्हणून नोंदींची साखळी तुटली नाही. विजेच्या ट्रॅम १९०७ मध्ये धावल्या. ओर्स्टेडच्या मेजावरची सुई मुंबईच्या रस्त्यावर अशी खरी ठरली!

प्रयोग हाताने करून शिकविण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत, असे नाही. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून खेड्यांतली मुले प्रयोगांतून विज्ञान शिकत. सरकारने २००२ मध्ये तो उपक्रम बंद केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. ते खाडीपलीकडे मानखुर्दला आहे. वाण ज्ञानाची नाही. ते मुलाच्या हाती देण्याच्या इच्छेची आहे.

पालकहो, शाळेत गेल्यावर गुणांबरोबर एवढेही विचारा : माझ्या मुलाने या वर्षी सुई वळताना पाहिली काय? एक सेल, हातभर तार आणि एक होकायंत्र एवढेच त्याला लागते.